मेंढीकोट येतं ना? मग ब्रिज अर्धं आलंच

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीचं पार्किंग छातीएवढ्या पाण्यात गेलं. लाईट नव्हती. तळमजल्यावरचे काका-काकू दोन पिशव्या घेऊन वर आमच्याकडे राहायला आले. पहिले दोन दिवस मेंढीकोट कुटून झालं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बास झालं हे. चौघं आहोत, कॅट आहे, वेळ तर रग्गड आहे. ब्रिज शिकवतो."

आणि त्यांनी सगळे करतात तीच चूक केली. कागदावर बोलीचा तक्ता काढला : इतके गुण असतील तर हे बोला, भिडू असं बोलला तर तसं बोला. अर्ध्या तासात काकू उठून भाताकडे गेल्या आणि माझा नवरा खिडकीतून पाणी किती वाढलं ते बघायला लागला. दुसऱ्या दिवशी काकांनी तक्ता घडी घालून ठेवला आणि नुसतं खेळायला बसवलं. तेव्हा कुठे जमलं. त्यानंतर मी कितीतरी जणांना ब्रिज शिकवलं, आणि क्रम तोच ठेवला : आधी खेळ, मग बोली. खाली त्याच क्रमानं सांगते.

आधी शब्द

निम्मे शब्द आपल्याकडे आहेतच. ५२ पानांचा कॅट, जोकर काढून ठेवायचे. चौघं जण, समोरासमोर बसलेले एकमेकांचे भिडू. ब्रिजमध्ये खुर्च्यांना दिशांची नावं असतात : उत्तर-दक्षिण एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. पिसून एकेक पान घड्याळाच्या दिशेनं वाटायचं, प्रत्येकाला १३. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, असं खाली दुर्रीपर्यंत.

एकानं उतारी करायची, बाकीच्यांनी रंगाला रंग द्यायचा. रंग नसेल तर हुकूम मारा किंवा नको असलेलं पान फेका. हुकूम मारलाच पाहिजे अशी सक्ती नाही. चार पानं पडली की एक हात झाला. ज्यानं हात घेतला त्याची पुढची उतारी. असे एकूण १३ हात.

मेंढीकोटवाल्यांनी तीन गोष्टी मात्र विसरायच्या. पहिली, मेंढीला इथे काही भाव नाही. दश्शी म्हणजे नव्वीपेक्षा मोठं पान, बस. मोजायचे ते फक्त हात. दुसरी, हुकूम नशिबानं ठरत नाही, बोलीत ठरतो, आणि कधी कधी हुकूमच नसतो. त्याला नो ट्रम्प म्हणतात. तिसरी गोष्ट नवख्यांना सगळ्यात विचित्र वाटते. खेळणाऱ्या जोडीतला एक भिडू आपली १३ पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. तो डमी. त्याची पानं समोरचा भिडू, म्हणजे डिक्लेअरर, खेळतो. डमीनं सल्ला द्यायचा नाही, सुस्कारा टाकायचा नाही. चहा टाकायला उठला तर चालतं, आमच्याकडे तर ते डमीचंच काम आहे.

रंग असून दिला नाही तर त्याला रिव्होक म्हणतात. तो पकडला गेला की दंड म्हणून हात द्यावे लागतात. घरात पहिल्या आठवड्यात पान परत घेऊ द्या, भांडणं वाचतील.

पहिली संध्याकाळ : बोलीशिवाय

या प्रकाराला मिनीब्रिज म्हणतात. पानं लावून झाली की प्रत्येकानं आपले गुण मोजायचे : एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. एका रंगात १०, चार रंगांत ४०. म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला १०.

वाटणाऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं सांगायचा. ज्या जोडीची बेरीज जास्त ती खेळणार. त्या दोघांत ज्याचे गुण जास्त तो डिक्लेअरर, दुसरा डमी. बेरीज २०-२० झाली तर पानं पुन्हा वाटा. डमी पानं उघडतो, डिक्लेअरर ती बघून सांगतो की कुठला रंग हुकूम आणि किती हात करणार. मग डिक्लेअररच्या डावीकडचा खेळाडू उतारी करतो.

हुकूम कुठला घ्यायचा? दोघांची मिळून आठ किंवा जास्त पानं असलेला रंग. तसा रंग नसेल आणि सगळ्या रंगांत थोडी थोडी मोठी पानं असतील, तर नो ट्रम्प. एवढ्यावर आठ-दहा डाव खेळा. पानांची आठवण ठेवायची सवय इथेच लागते. सुरुवातीला फक्त एकाच गोष्टीचा हिशेब ठेवा : बाहेर किती हुकूम उरलेत.

दुसरी संध्याकाळ : पहिलं पान टाकण्याआधी थांबा

त्या पुरात मेणबत्तीच्या उजेडात मी घालवलेला एक डाव अजून पाठ आहे. मी दक्षिण, समोर काका.

माझी पानं :
इस्पिक – राजा, राणी, गुलाम, ७, ४
बदाम – एक्का, ६, ४
चौकट – राजा, ८, ३
किलवर – ९, ५

काकांची, म्हणजे डमीची :
इस्पिक – एक्का, १०, ५
बदाम – ८, २
चौकट – एक्का, ७, ५, ४
किलवर – एक्का, ७, ६, ३

माझे १३ गुण, काकांचे १२. इस्पिक आठ. मी इस्पिक हुकूम करून १० हात सांगितले. डावीकडे नवरा, त्यानं बदामचा राजा उतरवला. मी एक्क्यानं हात घेतला आणि पटापट तीनदा हुकूम खेळून सगळ्यांचे काढून टाकले. बाहेरचे पाच हुकूम ३-२ वाटलेले होते, छान निघाले. मी खूश. मग मोजायला लागले : इस्पिकचे पाच, बदामचा एक, चौकटीचे दोन, किलवरचा एक. नऊ! दहावा हात कुठून आणणार? बदामचे दोन, चौकटीचा एक आणि किलवरचा एक असे चार हात गेले आणि मी एकानं बुडाले.

काका एवढंच म्हणाले, "हुकूम काढायची एवढी घाई कशाला, पोरी? डमीकडे दोनच बदाम होते."

डाव पुन्हा मांडून बघा. बदाम माझ्याकडे तीन, डमीकडे दोन. एक्क्यानं हात घेतल्यावर लगेच दुसरं बदाम खेळायचं आणि तो हात देऊन टाकायचा. आता डमीकडे बदाम संपलं. विरोधक हुशार असतील तर उलट हुकूम खेळतील. तो मी राजानं घेते, डमीची पंजी जाते. मग माझं तिसरं बदाम खेळून डमीच्या इस्पिक दश्शीनं मारते. बाहेर मोठ्यात मोठा हुकूम म्हणजे नव्वी, त्यामुळे दश्शीवर कोणी चढवू शकत नाही. मग डमीचा इस्पिक एक्का, चौकटीच्या राजावर माझ्या हातात यायचं, आणि राणीनं उरलेला शेवटचा हुकूम काढायचा. इस्पिकचे पाचाऐवजी सहा हात झाले. दहा पुरे.

हुकूम नेहमी उशिरा काढायचे असा याचा अर्थ नाही. बरेचदा आधीच काढावे लागतात, नाहीतर विरोधक आपल्या एक्क्यावर चव्वी मारतात. ठरवायचं ते मोजून. डमी उघडला की हात आवरायचा आणि दोन आकडे काढायचे : पक्के हात किती, हवेत किती. फरक भरून काढायच्या मुख्य वाटा चार आहेत. आखूड बाजूच्या हातानं हुकूम मारणं, लांब रंग तयार करणं, मोठी पानं बाहेर काढून आपली मधली पानं मोठी करणं, आणि फिनेस. फिनेस म्हणजे डमीकडे एक्का-राणी असताना हातातून त्या रंगाचं लहान पान खेळायचं. डावीकडच्यानं राजा टाकला नाही तर डमीची राणी लावायची. राजा त्याच्याकडे असेल तर राणी चालते, उजवीकडे असेल तर जाते. म्हणजे निम्मे वेळा यश.

थोडं गणितही कामाला येतं. बाहेर पाच पानं असतील तर ती १०० पैकी ६८ वेळा ३-२ वाटली जातात, २८ वेळा ४-१. पण बाहेर चार असतील तर २-२ फक्त ४० वेळा आणि ३-१ जवळजवळ ५० वेळा. मला हे उलटं वाटायचं.

विरोधात खेळताना दोन जुनी सूत्रं पुरेशी आहेत : दुसऱ्यानं लहान, तिसऱ्यानं मोठं. उतारीला राजा-राणी-गुलाम अशी सलग असतील तर वरचं पान. नो ट्रम्पविरुद्ध आपल्या सगळ्यात लांब रंगातलं वरून चौथं.

तिसरी संध्याकाळ : बोली

आता काकांचा तक्ता उघडायला हरकत नाही.

बोलीत दोन गोष्टी असतात, आकडा आणि रंग. आकड्यात सहा मिळवायचे. '१ इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम करून सात हात, '४ बदाम' म्हणजे दहा, '७' म्हणजे तेराच्या तेरा. रंगांची चढण खालून वर अशी : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, आणि सगळ्यांवर नो ट्रम्प. लक्षात ठेवायला सोपं आहे. क, च, ब वर्णमालेच्या क्रमानंच येतात. इस्पिक तेवढं स्वरानं सुरू होऊनही त्यांच्या डोक्यावर बसतं. सात पायऱ्या गुणिले पाच, अशा एकूण ३५ बोली. त्याशिवाय पास, डबल आणि रिडबल. डबल म्हणजे "तुमचे होत नाहीत, पैज." रिडबल म्हणजे त्यावर उलट, "होतात, पैज आणखी वाढवा."

वाटणारा पहिल्यांदा बोलतो, मग घड्याळाच्या दिशेनं. प्रत्येक नवी बोली आधीच्यापेक्षा वरची हवी. लागोपाठ तीन पास झाले की लिलाव, म्हणजे ही बोलाबोली, संपला आणि शेवटची बोली म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. त्या जोडीत तो रंग ज्यानं पहिल्यांदा उच्चारला तो डिक्लेअरर. जजमेंट खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. इथे दोघांचे मिळून हात सांगायचे आणि भिडूची पानं दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून तर बोली.

पहिल्या महिन्यात एवढंच पाठ करा. १२-१३ किंवा जास्त गुण असतील तर लिलाव उघडा, कमी असतील तर पास. इस्पिक किंवा बदाम पाच असतील तर ते बोला. नसतील तर किलवर-चौकटीतला लांब रंग. पानं सगळीकडे सारखी वाटलेली आणि १५ ते १७ गुण असतील तर १ नो ट्रम्प. भिडूनं १ इस्पिक किंवा १ बदाम उघडलं आणि तुमच्याकडे त्या रंगाची तीन पानं आहेत? ६ ते ९ गुणांवर २ म्हणा, १० ते १२ वर ३, त्याहून जास्त असतील तर सरळ ४. सहाच्या आत असाल तर पास करा आणि वाईट वाटून घेऊ नका. रंग जुळत नसेल तर पहिल्या पायरीवर आपला रंग सांगायला सहा गुण पुरतात, दुसऱ्या पायरीवर जायचं तर दहा लागतात.

मघाचाच डाव बोलीत असा जातो. मी १ इस्पिक. नवरा पास. काका तीन इस्पिक आणि १२ गुणांवर ३ इस्पिक. काकू पास. माझ्याकडे १३, शिवाय किलवर दोनच आहेत. जुळलेल्या रंगात दोन पानी रंगाचा एक गुण जादा धरतात, म्हणून १४. समोर दहा ते बारा. मी ४ इस्पिक. तीन पास. तीन बोलींत दोघांनी एकमेकांची पानं जोखली.

पण चारपर्यंत का चढायचं? हात तर दहाच होणार आहेत, तीनवर थांबलं तर काय बिघडलं? इथे गुणांकन बघायला हवं. सहाच्या वरच्या प्रत्येक बोललेल्या हाताला किलवर-चौकटीत २०, बदाम-इस्पिकात ३०, नो ट्रम्पमध्ये पहिल्याला ४० आणि पुढच्यांना ३०. बोललेल्या हातांचे १०० झाले की गेम. म्हणून ३ नो ट्रम्प, ४ बदाम किंवा ४ इस्पिक, ५ किलवर किंवा ५ चौकट हे गेम. गेमला ३०० बक्षीस, व्हल्नरेबल असाल तर ५००. गेमखाली थांबलात तर फक्त ५०. आमचा डाव ४ इस्पिकात १२० अधिक ३०० म्हणजे ४२० चा. तीनवर थांबून दहा केले असते तर १७०. बुडालात तर विरोधकांना दर हाताला ५०, व्हल्नरेबल असताना १००. डबल असेल तर फार वाढतात. व्हल्नरेबल कोण हे डावागणिक आधीच ठरलेलं असतं : त्या जोडीला बक्षीसही मोठं, दंडही मोठा. या गुणांकनाचा पाया घातला तो अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्टनं, १९२५ मध्ये, पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर. बोललेल्याचाच गेम धरायचा, या नियमामुळे बोली हा खेळाचा जीव झाला.

आता कोल्हापूरकरांसाठी. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याचा आकडा बघतो : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ब्रिजचे आकडे तसेच डोक्यात बसवा. दोघांचे मिळून २५ गुण म्हणजे गेम. ३३ म्हणजे स्मॉल स्लॅम, बारा हात. ३७ म्हणजे ग्रँड स्लॅम, तेरा. स्लॅमचं बक्षीस गेमवर आणखी ५०० आणि १०००, व्हल्नरेबल असाल तर ७५० आणि १५००. किलवर-चौकटीच्या गेमला अकरा हात लागतात, म्हणून तिथे २५ पुरत नाहीत. तशी पानं असतील तर आधी ३ नो ट्रम्प होतात का ते बघा.

स्टेमन, ब्लॅकवुड ही नावं लवकरच कानावर येतील. त्या ठरवून घेतलेल्या सांकेतिक बोली आहेत, उपयोगीही आहेत. पण पहिले दोन-तीन महिने त्यांना हात लावू नका. ब्लॅकवुड शिकलेला नवखा दर तिसऱ्या डावात एक्के विचारत सुटतो आणि पाचव्या पायरीवर जाऊन बुडतो. मी बुडाले आहे.

इशारे बंद

मेंढीकोटमध्ये कान खाजवला की बदाम, छातीला हात लावला की इस्पिक, हे आपल्या गल्लीगल्लीत चालतं आणि त्यात मजाही असते. ब्रिजमध्ये हा सरळ गुन्हा. भिडूला जे सांगायचं ते बोलीतून आणि खेळलेल्या पानांतून, आणि त्या बोलीचा अर्थ विरोधकांनी विचारला तर तोही सांगायचा. पास म्हणताना सुस्कारा नको, विचार करून उशिरा बोललात तर भिडूनं त्यावरून अंदाज बांधायचा नाही. स्पर्धेत तर तोंडानं बोलतच नाहीत, बिडिंग बॉक्समधली कार्डं टेबलावर ठेवतात. तिथे डाव डुप्लिकेट पद्धतीनं खेळतात. तीच वाटलेली पानं बोर्डात घालून टेबलाटेबलावर फिरतात आणि त्याच पानांवर इतरांनी काय केलं त्याच्याशी तुमची तुलना होते. वाईट पानं आली ही सबब तिथे चालत नाही.

सासूबाईंना पत्ते म्हणजे जुगार. घरोघरी हा वाद आहे, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्यातल्या नशिबाची तुलना ब्रिजमधल्या वाटपाशी केली. आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरी ब्रिजचं सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. दुसऱ्या मुद्द्यानं सासूबाई नरमल्या. आता त्या डमीची पानं मांडतात, हुकूम डमीच्या उजव्या हाताला, अगदी नियमानं.

चौथा मिळत नसेल तर

ही खरी अडचण. तिघं असाल तर मिनीब्रिज चालवून घेता येतं, चौथी पानं डमी म्हणून उघडी ठेवायची. दोघं असाल तर नुसत्या बोलीचा सराव करा : २६-२६ पानं न वाटता प्रत्येकी १३ घ्या, बोला, मग दोघांची उघडून बघा की योग्य जागी थांबलात का. वीस मिनिटांत दहा डाव होतात, आणि बोली सुधारायला याच्यासारखा उपाय नाही. एकटे असाल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर रोबोंबरोबर खेळता येतं. पानं संपण्याची भीती नाही. एकाच्या वाट्याला येणाऱ्या १३ पानांचे वेगवेगळे संच ६३,५०१ कोटींहून जास्त होतात. पण रोबो तुमच्या बोलीचा अर्थ त्याच्या पद्धतीनं लावतो, म्हणून बोलीवर बोट ठेवून आधी अर्थ वाचा, मगच दाबा.

रोबोचा एक फायदा आहे. चुकीच्या बोलीवर तो भुवई उंचावत नाही. काका अजून उंचावतात, आणि नियमानं तेही चालत नाही.